तेरा आत, तेरा बाहेर

यातलं काहीही रचलेलं नाही. त्या दिवशी तिथे चौदा जण होते. कुणालाही विचारा. आधी विषय बदलतील, मग हेच सांगतील.

शनिवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात दोन दिवसांचं शिबिर होतं. आग लागली, पूर आला, वीज गेली, तर कुणाच्या भरवशावर न राहता जीव कसा वाचवायचा, ते शिकवणारं.

सुतार तिथे स्वतःहून गेला नव्हता. बायको गेल्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून घर आणि करवत सोडून त्याला तिसरं काही नव्हतं. मेहुणीने परस्पर दोघांची नावं घातली.

"भावोजी, ताईच्या फोटोशी बोलून झालं असेल तर चपला घाला. गाडी सुटेल."

तो आला. आणि शिकवणाऱ्या सरांना पाहून जागच्या जागी थिजला.

गळ्यात शिट्टी. हातात यादी. तोच माणूस.

सुताराची बायको कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. तिथे आग लागली, तेव्हा सुरक्षेचं काम याच माणसाकडे होतं. फाटकाशी उभं राहून तो ओरडला होता, "सगळे बाहेर!" म्हणून बंबवाले वरच्या मजल्यावर गेलेच नाहीत.

ती वरच होती.

चौकशीत तो शपथेवर म्हणाला, "मी एकेक माणूस मोजला होता."

सुताराला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. चारचौघांत त्याने म्हणावं, मी मोजलं नव्हतं.

"ओळखलंस याला?" त्याने मेहुणीला हळूच विचारलं.

"ओळखलं म्हणूनच तुम्हाला आणलंय. उद्या सगळ्यांसमोर विचारा. मी आहे शेजारी."

सरांनी मात्र दोघांनाही ओळखलं नाही.

तीन वाजता धुराचा सराव होता. गोदामात यंत्राने नकली धूर भरला. नियम सोपा होता. रांगत जायचं. डावा हात भिंतीवर, उजव्या हाताने पुढच्याचा घोटा धरायचा. घोट्यावर दोनदा थोपटलं, की समजायचं, मागचा आहे.

पुढे सर. त्यांच्या मागे एक बस ड्रायव्हर. सगळ्यात शेवटी सुतार. एकूण तेरा. मेहुणी बाहेर पडायच्या दारात, आकडा लिहायची पाटी घेऊन मोजायला.

"सर, हरवलो तर गाडीभाडं परत मिळेल का?" ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले.

मग आत गेले...

आत काहीच दिसत नव्हतं. स्वतःचा हातसुद्धा नाही. फक्त खोकल्याचे आवाज, आणि गुडघे घासल्याचे.

अर्धी भिंत झाली असेल.

सुताराच्या घोट्यावर कुणीतरी थोपटलं...

एकदा. दोनदा.

त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

हात कढत होता. आणि मधल्या बोटाचा स्पर्श गार. धातूचा. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात, त्या टोपीचा. त्याची बायको ती जेवतानाही काढायची विसरायची.

हात सुटला. त्याच्या अंगावरून काहीतरी पुढे सरकलं. जळक्या कापडाचा वास आला... आणि रांगेच्या कडेकडेने पुढे निघून गेला.

मग पुढून एकच शिट्टी. अर्धवट.

नंतर काही नाही.

रांग थांबली नाही. उलट चाल वाढली. पाच मिनिटांत सगळे एकामागून एक उजेडात आले. धूर वाया जाऊ नये म्हणून शेवटच्याने दार ओढून घ्यायचं, असं ठरलं होतं. सुताराने ओढलं.

"तेरा," मेहुणी म्हणाली. "दारातल्या धुरात तोंडं दिसेनात, म्हणून एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलेत. पहिल्याचा खांदा नुसता भाजत होता. सरांना ताप आहे का?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

सर नव्हते.

"असं कसं?" ड्रायव्हर म्हणाला. "मी शेवटपर्यंत त्यांचा घोटा धरून होतो. फक्त..."

"फक्त काय?"

"अर्ध्या वाटेत बूट गेला. पाय अनवाणी होता. बारीक. बाईमाणसाचा असतो तसा."

तेवढ्यात बंद दाराआडून शिट्टी वाजली. मग कुणीतरी दारावर धडका द्यायला लागलं.

दाराच्या सगळ्यात जवळ सुतार होता.

तो हलला नाही.

त्याने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने त्याच्याकडे. ती हातातल्या पाटीकडे बघत म्हणाली, "माझे तेरा भरलेत."

आत शिट्टी बारीक होत गेली...

शेवटी ड्रायव्हरने दोघांना ढकललं आणि दार उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. आग कुठेच नव्हती. सर दाराशी पडले होते. दोन्ही तळहात भाजून सोलले होते.

"मी मोजलं नव्हतं," ते म्हणत होते. "नुसती यादी बघून ओरडलो. मी मोजलं नव्हतं."

सगळ्यांनी ऐकलं. मेहुणी मटकन खाली बसून रडायला लागली. सुताराला जे हवं होतं, ते मिळालं होतं.

तेवढ्यात सरांनी मान वळवली आणि थेट सुताराकडे पाहिलं.

"ती म्हणाली, त्या दिवशी फाटकाशी दोघं होते. एकाचं झालं."

सुताराने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो बंबाच्या आधी फाटकाशी पोचला होता. वरच्या खिडकीची काच कुणीतरी आतून वाजवत होतं. त्याने ते ऐकलं. शेजारी उभा असलेला हाच माणूस "सगळे बाहेर" म्हणाला, आणि त्याने स्वतःची समजूत घातली, धगीने काच तडकत असेल. मग तो तिला गर्दीत शोधत फिरला.

सरांनी पुढे लेखी कबुली दिली. चौकशी नव्याने सुरू झाली.

मेहुणी दर रविवारी घरी येते. चहा घेते. आणि निघताना विचारतेच.

"भावोजी, फाटकाशी दुसरं कोण होतं हो? त्यालाही सोडायचं नाही आपण."

"काय माहीत," तो म्हणतो.

ती जाते. दार लागतं.

आणि घरात कापड जळाल्याचा वास यायला लागतो...