तीन जीव

कोळशाच्या खाणीत सुरक्षेचे धडे देणं म्हणजे झोपलेल्यांपुढं कीर्तन. चंद्रपूरजवळच्या आमच्या भूमिगत खाणीत मी बरीच वर्षं ते करतोय. मी छताबद्दल बोलायचो, नवी पोरं टेबलाखाली मोबाईल चालवायची. शेवटी साहेबांच्या मागं लागून मीच ते मोठे चष्मे आणवले. डोळ्यांवर बांधले की माणूस थेट खाणीत उभा.

खेळ साधा. काठीनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर पुढं जा, भद्द वाजलं तर मागं सर. नाही सरलात तर छत अंगावर, मग अंधार, आणि लगेच तुम्ही पुन्हा खाणीच्या तोंडाशी, धडधाकट. प्रत्येकाला तीन जीव. ते मीच घालायला लावले, नाहीतर पोरं एकदा मेली की चष्मा काढून ठेवायची. आमच्या पाळीवर देखरेख करणारा सरदार लटारूभाऊसुद्धा तिन्ही जीव घालवून पोट धरून हसला. "मस्त हाय जी हे!"

माझ्या बहिणीचा, चंदाबाईचा, रोशन त्या तुकडीत सगळ्यात हुशार. तळ्यावर मासोळ्या धरणारं घर, त्यातली ही पहिली नोकरी. पोरगा मुद्दाम भद्द छताखाली उभा राहायचा. "पडते कसं, ते पाहू द्या ना मामा." मीही हसायचो. तेव्हाच एक कानाखाली ठेवून द्यायला हवी होती.

खाणीतल्या पहिल्या पाळीच्या सकाळी रोशनच्या अंगठ्याला हळद लावलेली चिंधी होती. मासोळी चिरताना कापलं म्हणाला. खाली उतरण्याआधी जमिनीला हात लावून त्यानं कपाळाला लावला, डबा वर करून दाखवला.

"झिंगे हायेत मामा. तुमाले ठेवतो."

दुपारी खालून लटारूभाऊचा फोन आला. छत बसलं होतं.

"भद्द वाजलं जी. रोशननंही आयकलं. मी 'मागं हो' म्हणून वरडलो. तो माह्याकडं पाहून हासला न् उभाच राह्यला."

मी खाणीच्या तोंडाकडं धावलो. तिथं रोशन उभा होता. कपड्यांवर कोळशाचा कण नाही. हातात डबा.

"झिंगे हायेत मामा. तुमाले ठेवतो."

मी त्याला मिठी मारून ढसाढसा रडलो. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो असा. वर अंधार पडेपर्यंत खाली दगड उपसले. माणूस कोणीच सापडला नाही. सापडला तो एक चेपलेला डबा, त्यात झिंगे. लटारूभाऊनं तो माझ्या हातात दिला आणि रोशनकडं न बघता घरी गेला. त्यानंतर तो कामावर आलेला नाही.

रोशनला मी वर, टोप्यांचे दिवे ठेवतात त्या खोलीत कामाला लावून घेतलं. काम चोख करतो. पण आईनं डब्यात काहीही भरलं तरी मला रोज तेच एक वाक्य ऐकवतो. लेकरू वाचलं म्हणून चंदाबाई आधी देवाला नारळ फोडून आली होती. आता दारात बसून विचारते, "दादा, लेकराच्या अंगठ्याचं रक्त काऊन थांबून नाई राह्यलं? रात्री धुऊन नवी चिंधी बांधली, तरी सकाळी तेच जुनी, ओली."



काल चष्मे बनवणाऱ्यांना फोन लावला. "ते तीन जीव काढून टाका. मेला म्हणजे मेला."

"आत्ता काढतो सर," पलीकडचा पोरगा म्हणाला. "काढू?"

माझ्या मागं रोशन दिवे पुसत होता. पुसणं थांबलं.

"मामा," तो म्हणाला, "ते काढलं तं मी कुठी जाऊ?"

"राहू द्या," म्हणून मी फोन ठेवून दिला.

आज नवी तुकडी चष्मे बांधून बसली आहे. तीही कोणाची तरी लेकरंच.

पुढच्या रांगेतल्या पोरानं काठी वर केली. भद्द वाजलं. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

तो मान वर करून हसला, आणि मागं सरला नाही.