खोटी गणपूर्ती

मानवजातीने जंतूंवर मिळवलेला सर्वांत मोठा विजय मिरजेत मिळाला आणि तो केवळ प्रज्ञा, निष्ठा व अथक संशोधन यांच्या बळावर मिळाला, असे तिथल्या रुग्णालयाच्या कोनशिलेवर कोरले आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींचा उल्लेख करणे कोनशिला बसवणाऱ्यांना प्रशस्त वाटले नसावे.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी तिघे होते. शल्यचिकित्सक डॉ. फिरोज बागवान, जंतुशास्त्रज्ञ डॉ. वैजयंती उपासनी आणि चाकांच्या खुर्चीत एस.टी.च्या चालक वनिता सूर्यवंशी. हाडात गाठ झाली म्हणून वनिताबाईंच्या डाव्या मांडीचे अर्धे हाड गुडघ्यासकट काढून तिथे धातूचे बसवले होते. हाड उत्तम बसले. त्यावर जंतूही उत्तम बसले. दोनदा सांधा उघडून धुतला, दोनदा ते परत आले. आता सोमवारी पायच काढायचा ठरला होता.

"तुम्ही दोघं भांडायचं तेवढं भांडा," वनिताबाई म्हणाल्या, "पण पाय ऱ्हाणार का जाणार, ते सांगा. एका पायावर एस.टी. चालत न्हाई, क्लचला डावा पायच लागतो."

"ते जंतू धातूवर चिकट पटल तयार करून त्याखाली बसतात," बागवान म्हणाले. "तिथं औषध पोचत नाही. पांढऱ्या पेशी पोचत नाहीत. आम्ही तरी काय करणार?"

"पण ते बाहेर कधी येतात?" उपासनींनी विचारले.

"पुरेसे झाले की."

"आणि पुरेसे झाले हे त्यांना कसं कळतं? प्रत्येक जंतू एक रसायन सोडत असतो. गणसूचक म्हणू या. ते दाट झालं की कळतं, आपली गणपूर्ती झाली, सभेचा कोरम भरतो तशी. मग सगळे एकदम पटल सोडून हल्ला करतात. आपण इतकी वर्षं काय केलं? गणपूर्ती होऊ नये म्हणून धडपडलो."

"मग आता?"

"आता सभा भरवायची. आमच्या सोसायटीसारखी."

बागवानांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, तुमची सोसायटी इथं पण?"

"ऐका तर. सभेला कोणी येत नाही, म्हणून अर्धा तास तहकूब करतात. मग त्याच जागी पुन्हा सुरू, गणपूर्तीची अट नाही, उपविधीच आहे तसा! गेल्या खेपेला चौघांनी बसून पार्किंगच्या जागा बदलल्या. आपल्याला बहुमत आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अख्खी बिल्डिंग त्यांच्या अंगावर. अध्यक्ष अजून जिन्यानं जातात, लिफ्टमध्ये कोणी भेटेल म्हणून."

"म्हणजे मूठभर असतानाच त्यांना भुलवायचं?"

"सांधा धुतला की थोडेच उरतात. तेव्हाच आपण इथं बनवलेलं गणसूचक बाहेरून सोडायचं. ते पटल सोडून बाहेर येतील. औषध आणि पांढऱ्या पेशी वाटच बघत असतील."

"आणि फसलं तर?"

"तर सोमवार आहेच की," वनिताबाई म्हणाल्या. "आज घाला काय घालायचं ते."

सांधा तिसऱ्यांदा धुतला आणि गणसूचक सोडले. वनिताबाईंना सणकून ताप भरला. बागवान थिएटर तयार ठेवून खोलीबाहेर येरझाऱ्या घालू लागले. ताप उतरला. सूज उतरली. सोमवार आला आणि पाय जागेवर होता. वनिताबाई त्यावर उभ्या राहिल्या तेव्हा बागवानांनी परिचारिकांसमोर शिट्टी वाजवली. एवढ्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला शिट्टी वाजवता येते, हे रुग्णालयाला प्रथमच कळले.

महिन्याभराने सांध्यातले पाणी तपासले. त्यात जंतू होते.

"संपलं सगळं!" बागवान खुर्चीत कोसळले. "तुमची युक्ती ओळखली त्यांनी. आता हे कशाला दाद देणार नाहीत."

उपासनींनी ते जंतू आठवडाभर तपासले आणि हसतच आल्या. "ओळखली वगैरे काही नाही. हे बहिरे आहेत. गणसूचक यांना जाणवतच नाही. म्हणून बाहेर आले नाहीत, म्हणून वाचले."

"मग यांचे लाख होतील, कोटी होतील..."

"होऊ देत ना! ज्याला खोटी गणपूर्ती ऐकू येत नाही, त्याला खरी तरी कशी ऐकू येणार? कोटी झाले तरी प्रत्येकाला वाटणार, आपण एकटेच आहोत. एकटा जंतू हल्ला करत नाही."

बागवान खुर्चीतून उठले. "म्हणजे जो या उपायाला पुरून उरेल..."

"तो निरुपद्रवीच असेल. दुसरी वाटच नाही त्याला."

आजवर प्रत्येक औषधाला जंतूंनी तोड काढली होती. इथे तोड काढणे हीच शरणागती होती. दोन वर्षांत हा उपाय जगभर पोचला. सांध्यातल्या जंतूंपायी पाय कापणे ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात जमा झाली.

वनिताबाई कामावर रुजू झाल्या तेव्हा आगारात हार, पेढे, फटाके, सगळे झाले. कोणाचाही हात न धरता त्या ऐटीत चालकाच्या जागेवर चढल्या. गाडी नवीकोरी होती, विजेवरची. खाली दोन पेडल होती, एक वेगाचे, एक ब्रेकचे. दोन्ही उजव्या पायासाठी.