निरोपाचा चिरा

एसटीत वृंदा साळेगावकरच्या शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत, मेथीच्या जुड्यांखाली, त्या बाईच्या आईचा हात होता. मनगटापर्यंतचा, फिकट राळेचा, बोटं किंचित वाकलेली. तिकिटाचे सुटे शोधताना बाईनं तो मांडीवर ठेवला. कंडक्टरनं एक नजर टाकली आणि पुढच्या सीटकडे वळला. तीन वर्षांपूर्वी हेच पाहून अख्खी गाडी ओरडत खाली उतरली असती.

“आमच्या देवळाच्या उंबऱ्यातून निघाला,” बाई कौतुकानं म्हणाली. “बगा, अंगठ्याखाली भाजल्याचा वण सुदिक आलाय. झोपताना उशाला घेते मी.”

वृंदानं वणावरून बोट फिरवलं. तो हात तिच्याच वारसा नोंदणी कार्यालयातून घडून गेला होता, पण तसं ती बोलली नाही. कौतुकाला सामोरं जायचं म्हणजे तिला अवघडल्यासारखं होई.

माणूस दगडाला हात लावतो तेव्हा तळव्याचं तेल, घामाचं मीठ आणि कातडीचा बारीक चुरा दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. वृंदाच्या पिशवीतलं हस्तवाचक नावाचं, इस्त्रीएवढं यंत्र हे थर प्रकाशानं उलगडून सांगायचं: किती हात, कोणत्या काळातले, किती जोरानं टेकवलेले. नातेवाइकानं रक्ताचा एक थेंब दिला, की त्या गर्दीतून त्याच्या माणसाचा हात वेगळा निघायचा आणि राळेत घडवता यायचा. हा सगळा खजिना असायचा मात्र केसाच्या जाडीएवढ्या थरात.

यंत्र आलं आणि सरकारनं प्रत्येक तालुक्याला स्वतःची वारसा नोंदवही ठेवायला निधी दिला. तोवर वारसा म्हणजे किल्ले नाहीतर लेणी. ज्या जागेला शिलालेख नाही, राजाचं नाव नाही, तिला कुत्रंही विचारत नव्हतं. आता अट एकच होती, हजार हातांची. दगडावर हजार वेगवेगळे हात सापडले, की जागा नोंदवहीत. मग डागडुजीला दरसाल निधी, आणि ती जागा बुजवायची कुणाची छाती नाही.

धामणटाकळीच्या थांब्यावर तिला पाहणीसाठी न्यायला लिंबाजी कच्छवे उभे होते. वय सत्तरीच्या आसपास, धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. दोन्ही हातांना मात्र फडकी बांधलेली.

“हाताला काय झालं, काका?”

“काई नाही. जरा काम काढलं होतं.” ते घाईघाईनं पुढं चालू लागले. “या. बारव जवळच हाय.”

गेली अकरा वर्षं हा माणूस बारवेसाठी अर्ज करत होता आणि यंत्र येईपर्यंत दर वेळी ‘शिलालेख आढळत नाही’ असं उत्तर येत होतं. त्यांचे सगळे अर्ज वृंदानं वाचले होते. धामणटाकळीची रीत अशी, की सासरी निघालेली पोर आधी बारवेत उतरते, तिसऱ्या पायरीशी तळवा ओला करते आणि डावीकडच्या चिऱ्यावर दाबून धरते. माहेरपणाला आली की पुन्हा तसंच. गाव त्याला निरोपाचा चिरा म्हणतं. लिंबाजींच्या लेकीनं, सारिकानं, त्यावर एकदाच हात टेकवला. आठव्या महिन्यात ती बाळंतपणात गेली, बाळासकट. तिचे फोटो ज्या मोबाइलमध्ये होते, तो सासरीच राहिला आणि मागूनही परत आला नाही.

“डाव्या हाताची करंगळी वाकडी होती तिची,” वाटेत लिंबाजी म्हणाले. “झाडावरून पडली होती लहानपणी. हात निघाला की मी लगेच वळखतो बगा. तुमाला विचारायची गरजच नाही.”

“डावाच टेकवला होता?”

“उजव्या हातानं मला धरलं होतं की. पायरी निसरडी.”

बारव दिसली आणि वृंदाचे पाय थबकले.

काळा दगड नुकता घडवल्यासारखा लखलखत होता. शेवाळ नाही, तेलाचा डाग नाही, हळदीकुंकवाचं बोट नाही. पायऱ्यांवर रांगोळी होती. आणि त्या सगळ्यावर फरशी धुण्याच्या ॲसिडचा उग्र वास होता.

“आठ दिवस खपलो,” लिंबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. “गावातल्यांनी वरच्या पायऱ्या घासल्या. चिऱ्याला मात्र मी कुणालाच हात लावू दिला नाही. म्हटलं, लेकीचा हाय, बापानंच धुवावा. तारेचा ब्रश झिजून गेला, पन शंभर वर्साची घान निघाली बगा.”

वृंदा तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली आणि तिनं यंत्र चिऱ्यावर टेकवलं. लिंबाजींनी फडकं सरकवून बोट पुढं केलं. रक्ताचा थेंब काढताना तिला दिसलं, की बोटाची सालं निघाली आहेत आणि खालचं मांस लाल आहे.

यंत्र गुणगुणलं. पडद्यावर अक्षरं आली: हात एक. रक्त जुळतं. हात थेंब देणाऱ्याचाच.

तिनं यंत्र वर सरकवलं, खाली सरकवलं, शेजारच्या चिऱ्यावर नेलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सासुरवाशिणी तिथं असायला हव्या होत्या. एकही नव्हती.

“निघाला का?” लिंबाजींनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. कार्यालयात हजारो हातांची मापं पडून होती. त्यातला विशीतल्या एखाद्या मुलीचा डावा हात काढायचा, करंगळी थोडी वाकवायची. म्हातारा तो उशाला घेऊन झोपला असता. वृंदाच्या मनात हे आलं, आणि आपल्या मनात हे यावं याचीच तिला शिसारी आली.

“काका, हात दगडाच्या अगदी वरच्या थरात असतात,” ती म्हणाली. “तो थर घासून गेला. आता फक्त तुमचा हात आहे.”

लिंबाजींनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला आणि तिच्यापुढं धरला. पाहणीची नोटीस. चौथी ओळ लाल पेनानं अधोरेखित केलेली: ‘पाहणीपूर्वी स्थळ स्वच्छ करून ठेवावे.’

“तुमीच लिवलं होतं की, मॅडम.”

शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागले. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना लागतो. ती ओळ शाळा-तपासणीच्या कुठल्याशा जुन्या नमुन्यातून नोटिशीत उतरली होती. कुणी वाचली नाही, कुणी खोडली नाही. तालुक्यातल्या एकेचाळीस गावांना ती गेली होती, आणि सगळ्या नोटिशींखाली सही वृंदाची होती.

“माझी चूक आहे, काका,” ती म्हणाली आणि पायरीवर खाली बसली. तिला रडू आवरेना.

लिंबाजी तिच्या शेजारी बसले. ते उजव्या हाताचं फडकं सोडायला लागले.

“एक विचारू का? तुमी म्हनता, पोरीचा हात दगडात चुरा होऊन बसला होता. मी घासला तवा तो कुटं गेला?”

“पाण्यात गेला असेल.”

“सगळा? ब्रश तर माझ्याच हातात होता. नंतर मी तळव्यानं पुसून काढलं. दगडाला लागतं, ते माझ्या हाताला नसंल लागलं?” त्यांनी सोललेला तळवा तिच्यासमोर उघडला. “दगडाचं राहू द्या. यंत्र हितं लावून बगा.”

हस्तवाचक जिवंत कातडीवर कुणी कधी लावला नव्हता. पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नव्हती. आठ दिवसांच्या ॲसिडानंतर तिथं काय उरणार, हे वृंदाला कळत होतं, आणि पडद्यावर पुन्हा त्यांचाच एकटा हात आला तर या माणसाकडे काय उरेल, हेही.

म्हाताऱ्यानं तळवा आणखी पुढं केला. तिनं यंत्र उचललं. टेकवावं का?