तृतीय पुरुषाची खुर्ची

वनस्पती-संग्रहालयात त्याची उभी हयात वाळकी पानं कागदावर चिकटवण्यात गेली होती. सहकारी त्याला पाठीमागे पाचोळासाहेब म्हणत आणि तोंडावर नुसतं साहेब. प्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती त्याला हवी होती. नेमका तेव्हाच प्रमुखाला लॅटिन यायला हवं, असा नियम निघाला. आधीच्या प्रमुखाला धड मातृभाषा येत नव्हती, पण नियम हे कायम पुढच्या माणसापासूनच सुरू होतात.

वर्ग शनिवारी दुपारी एका बंद शाळेच्या वरच्या मजल्यावर भरे. विद्यार्थी चार: हा, एक वकील, एक औषधवाली आणि एक निवृत्त दंतवैद्य. समोरासमोर दोन जोड्या. शिकवायला एक उंच, कोरड्या आवाजाच्या बाई. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात एक जास्तीची खुर्ची, कायम रिकामी.

सर्वनामं बाई हातवाऱ्यांनी घोकून घेत. "एगो", म्हणजे मी, म्हणताना हात स्वतःच्या छातीवर. "तू" म्हणताना बोट समोरच्याकडे. लॅटिनमध्येही तू म्हणजे तूच, हे कळल्यावर अर्धी भाषा फुकटात आल्यासारखं त्याला वाटलं. आणि "इस", म्हणजे तो, म्हणताना चौघांचीही बोटं रिकाम्या खुर्चीकडे.

"मी आणि तू यांना हक्काचे शब्द आहेत," बाई म्हणाल्या. "तो नुसता दाखवायचा. त्याच्याशी बोलायचं नसतं."

खुर्चीचं बसायचं फळकूट मात्र रोज कोणीतरी बसत असल्यासारखं गुळगुळीत झालेलं होतं.

एका शनिवारी त्याला उशीर झाला. त्याच्या जागेवर वकिलाने पाय पसरले होते.

"पाय सुजलाय हो माझा. बसा की तिकडे, खुर्ची काय चावते का?"

औषधवाली काहीतरी बोलायला गेली आणि वहीची पानं उलटू लागली. तो जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. फळकूट कोमट होतं. उन्हाने तापलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नाही, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.

"इस," बाई म्हणाल्या. तीन बोटं त्याच्याकडे वळली. तो हसला. बाकी कोणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारी त्याच्या जागेवर एक हडकुळा अनोळखी माणूस बसला होता. बाईंनी त्याची ओळख करून दिली नाही, कोणी विचारलीही नाही. "एगो" म्हणताना त्या माणसाने छातीवर हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ही माझी जागा आहे," पाचोळासाहेब म्हणाला.

"त्याला म्हणावं, वर्ग चालू आहे," बाईंनी वकिलाला सांगितलं.

वकिलाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

घरी फरक लगेच कळला नाही. नवऱ्याला "हे" म्हणून तृतीय पुरुषात ठेवण्याची सोय आपल्या भाषेने पूर्वीच करून ठेवली आहे. "यांना भाजी वाढ गं," बायको मुलीला म्हणाली, यात नवल काय? पण बायकोचं "अहो" बंद झालं होतं. मुलीचं "बाबा, ऐका ना" बंद झालं होतं. त्याने काही विचारलं की दोघी एकमेकींकडे पाहत.

"काय म्हणतायत?"

"काही नाही गं. असतं त्यांचं काहीतरी."

मुलाखतीला त्याने सर्वनामं तोंडपाठ केली होती. तीन परीक्षक होते. त्यांनी सगळे प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला विचारले.

"माणूस कसा आहे हा?"

"बरा होता, साहेब," शिपाई म्हणाला.

प्रमुखपद गेलं. त्याचं त्याला फारसं काही वाटेना. कोणीतरी एकदा, शिवी देताना का होईना, तू म्हणावं, एवढंच आता त्याला हवं होतं. रस्त्यात त्याने मुद्दाम एका धिप्पाड माणसाला धक्का मारला. माणूस खवळला आणि सोबत्याला म्हणाला, "बघ रे, कसा चालतो हा आंधळा!"

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि आपल्या जुन्या जागी बसला. बाकीचे आले. हडकुळा माणूस निमूटपणे बाहेरून दुसरी खुर्ची आणून बसला.

"इस," बाई म्हणाल्या.

कोपऱ्याकडे कोणी पाहिलंही नाही. सगळी बोटं तो बसला होता तिथेच आली. तो उठून खिडकीपाशी गेला. बोटं खिडकीकडे वळली. दाराशी गेला, तर दाराकडे.

"बाई, मी पाया पडतो. मला एकदा हाक मारा."

बाईंनी फळा पुसला. "आता अनेकवचन," त्या वर्गाला म्हणाल्या.

तो घरी आला तेव्हा चहा होत होता. त्याने आपला कप स्वतःच भरून घेतला आणि ओट्याशी उभा राहिला.

"माझ्याकडे बघ," तो बायकोला म्हणाला. "भांड माझ्याशी. काहीही बोल."

ती वळली. तिची नजर त्याच्या छातीपाशी, कप होता तिथे थांबली. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला, त्यातला चहा मोरीत ओतला, कप विसळून पुसला. मग जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, स्टुलावर चढून, तो माळ्यावर ठेवला.