केसभर डावीकडे

जिन्यात समोरून आलेला तो तरुण तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे तिला तसं वाटलं. ती जराशी सावरलीसुद्धा... आणि मग लक्षात आलं, की साहेबांची नजर तिच्या काखेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर खिळली आहे.

"चालू आहे?" त्यानं विचारलं.

"चालू असता तर काखोटीला मारून फिरले असते का? तीन दुकानदारांनी हात वर केले."

"मी श्रवणयंत्रं दुरुस्त करतो. पण असल्या म्हाताऱ्यांचा मला लळा आहे. बघू?"

हा म्हातारा तिच्या आत्याचा. दिसायला नुसता कीबोर्ड. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्रॅम भरायचा. आत्या गणिताची शिक्षिका. तिनं आपल्या पहिल्यावहिल्या वर्गासाठी स्वतः एक खेळ लिहिला होता आणि त्याची ही एकच कॅसेट उरली होती. शनिवारी आत्या निवृत्त होणार, तो जुना वर्ग जमणार, आणि सगळ्यांसमोर खेळ चालू करून दाखवायचं भाचीनं परस्पर कबूल करून टाकलं होतं.

सोमवारीच कॉम्प्युटर सुरू झाला. मंगळवारी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलला. कॅसेट मात्र ढिम्म. तरी ऑफिसातले नकाशे काढून झाले, की तिची पावलं आपोआप त्याच्या दुरुस्तीच्या खोलीकडे वळायची. विचारात पडला की तो कानाची पाळी ओढतो, हे तिला बुधवारी कळलं. कॅसेटच्या दृष्टीनं हे ज्ञान अगदी निरुपयोगी होतं, पण घरी जाताना ती त्याचाच विचार करत होती.

शुक्रवारी तो नुसता कानाची पाळी ओढत बसला होता.

"एक सांगू? तुम्ही चिडाल."

"सांगा तरी. चिडायचं की नाही ते माझं मी बघेन."

"पहिल्याच दिवशी टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे कॅसेट वाचणारा भाग, मला तिरकं दिसलं. स्क्रू फिरवून मी ते सरळ केलं... सवयीनं. पण आत्यांनी खेळ त्यांच्या याच टेपरेकॉर्डरवर, त्याच तिरक्या हेडनं भरला होता. आता सरळ हेडला तो वाचताच येत नाही. आणि मी आधीच्या जागेची खूणही केली नाही."

"आणि हे आज सांगताय?"

"आज सकाळीच डोक्यात प्रकाश पडला. शपथ."

राग तर खराच आला होता. पण रागावायलाही वेळ कुठे होता? तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मी ऐकतो, तुम्ही फिरवा. आवाज खणखणीत झाला, की हेड जागेवर आलं," हेडफोन चढवत तो म्हणाला. "माझ्या हातावर आज माझाच भरवसा नाही."

"आजच का?"

"तुम्ही रागावलात ना... म्हणून."

कॅसेट फिरू लागली. तोच आवाज तो लॅपटॉपमध्येही साठवत होता. तिथे जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर होता.

"डावीकडे... अजून... आता केसभर... थांबा!"

टीव्हीवर रंगीत पट्टे धावू लागले. खेळ आत भरला जात होता. एक मिनिट... दोन... आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक बेडूक आकड्यांच्या पायऱ्या चढायला लागला. आनंदाच्या भरात तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

त्यानं लॅपटॉप तपासला. तिथेही बेडूक उड्या मारत होता.

"झालं. उद्या मशीन रुसलं तरी एम्युलेटरवर खेळ चालेल," तो हळूच म्हणाला. "आता... माझी काही गरज नाही."

"बरंच झालं." तिनं मनगट सोडलं नाही. "कॅसेटसाठी येत होते की तुझ्यासाठी, मला कळेचना. आता कॅसेटचं काम संपलं, तरी उठावंसं वाटत नाहीये. उद्या येशील?"

"आत्या विचारतील, हा कोण."

"सांगेन, यानं तुझा खेळ जवळजवळ बुडवला होता. आणि मला हा फार आवडतो."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"त्यातलं पहिलं वाक्य गाळता येईल?"

"नाही," ती म्हणाली. "आणि दुसरं तर मुळीच नाही."