मधला स्पीकर

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. कुठे वाचलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलं नाही. नंतर मी स्वतः तिथे गेलो होतो.

आणि मामा खोटं बोलत नाही. मामीनं नव्यानं केस कापून "कशी दिसते?" म्हणून विचारलं, तर खरं सांगून दोन दिवसांचा अबोला ओढवून घेणारा माणूस तो.

रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार. दुपारचे सव्वातीन. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

मामाची अख्खी नोकरी सिनेमा थिएटरच्या साउंडमध्ये गेली. मामी जाऊन आठ महिने झाले होते. मूलबाळ नाही. घरात तो एकटाच. पण बोलायची सवय काही सुटेना. चहा झाला की आपला हाक मारायचा, "अगं, ऐकतेस का? चहा गार होतोय."

मग एकट्यानंच प्यायचा.

कपाटात त्याच्या बारा कॅसेट होत्या. सगळ्या मामीच्या आवाजाच्या. पहिली बावीस वर्षांपूर्वीची. नवा टेपडेक आणला होता, म्हणून मामानं बैठकीत दोन माइक लावले, "तासभर चालू राहू दे" म्हणाला आणि कामावर निघून गेला. घरात फक्त मामी आणि तिची धाकटी बहीण. बहीण डाव्या माइकपाशी. उजव्या माइकपाशी खडखडणारा टेबलफॅन. मामी बरोबर मध्ये.

त्या खडखडाटात मामीचं अर्धं बोलणं बुडून जायचं.

मामाला तेवढंच हवं होतं. नुसता तिचा आवाज.

त्यानं एक डबा तयार केला. मला फोनवर समजावलं होतं, "डावा आणि उजवा आवाज एकत्र करायचा. दोन्हीकडे जे सारखं आहे, ते मधल्या स्पीकरला द्यायचं. जे एकाच बाजूला आहे, ते वजा करायचं. तुझी मामी मध्ये बसली होती ना? ती तेवढी उरेल."

त्या मंगळवारी त्यानं मधला स्पीकर जोडला. डाव्या-उजव्याचा आवाज बंद केला. कॅसेट लावली.

फॅन गेला. बहीण गेली.

मामी उरली.

शेजारणीच्या मांजराचं काहीतरी सांगत होती. इतकी जवळून, की मामानं डोळेच मिटले.

पुढचं त्याला पाठ होतं. बोलता बोलता मामी मध्येच थांबते, म्हणते, "आले हं!" बहीण विचारते, "कुणाला गं?" मामी म्हणते, "हाक मारली ना कुणीतरी." आणि बहीण हसते, "कान वाजताहेत तुझे!"

घरात ही जुनी थट्टा होती.

मामी थांबली...

आणि "आले हं"च्या आधी, अगदी हळू, एक हाक आली.

"अगं, ऐकतेस का? चहा गार होतोय."

मामानं कॅसेट थांबवली.

पुरुषाचा आवाज. कॅसेट भरली तेव्हा घरात पुरुष नव्हताच. त्यानं नुसता डावा स्पीकर लावला. हाक नाही. नुसता उजवा. नाही. दोन्हीकडे नसलेलं मध्ये येईल कुठून? तीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं.

पुन्हा मधला लावला.

"ऐकतेस"मधल्या "स"ला बारीक शिट्टी वाजत होती.

मामाचे समोरचे दोन दात त्याच्या आदल्या वर्षी पडले होते. तेव्हापासून त्याचा "स" तसाच वाजतो.

तो आवाज त्याचाच होता. बावीस वर्षांपूर्वीचा नाही... आत्ताचा.

दुसरा कुणी असता तर घर सोडून पळाला असता. मामा तिथेच बसून रडला. आठ महिने भिंतींशी बोलतोय असं वाटत होतं. आणि ती ऐकत होती.

मग त्याला राहवलं नाही.

"कुठे आहेस गं?" तो मोठ्यानं म्हणाला. कॅसेट मागे घेतली. चालू केली.

मांजराची गोष्ट सुरू झाली... आणि लगेच तुटली.

"इथेच आहे. आले, आले."

खुर्ची सरकली. चपला वाजल्या. मामानं घाईघाईनं तिन्ही स्पीकर सुरू केले. बहिणीचा आवाज आला, "ताई? अगं, अर्धं बोलणं टाकून कुठे निघालीस?"

चपला लांब गेल्या. थांबल्या.

मग एकदाच... स्पीकरमधून नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी वाजल्या.

मामा धावला.

कुणी नाही. ओटा कोरडा. नळ बंद. तो अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहिला. हाका मारमारून घसा बसला.

काही नाही.

बुधवारी सकाळी मला फोन आला. मी पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता. "ऐक," एवढंच म्हणाला.

मी कॅसेट पहिल्यापासून ऐकली. लहानपणापासून ऐकत आलोय, मामीचं खळखळून हसणं मला तोंडपाठ आहे.

फॅन होता. बहीण होती. ती बोलत होती. थांबत होती. "हो का?" म्हणत होती. हसत होती.

समोरून उत्तरच येत नव्हतं.

मधला स्पीकर पूर्ण गप्प होता.

मी तिथूनच मामीच्या बहिणीला फोन लावला. "मावशी, ती मांजराची कॅसेट आठवते?"

"आठवते की. एकटीच बडबडत बसले होते मी त्या दिवशी."

"आणि मामी?"

ती आठवायला लागली.

"ताई कुठे होती रे तेव्हा?" तिनं मलाच विचारलं.

मी फोन ठेवला. मामा माझ्याकडे बघत होता. ओठ हलले, आवाज जेमतेम आला.

"मी बोलावलं म्हणून उठली रे ती. तिथून निघाली. आणि इथे पोचली नाही."

याला आता दीड वर्ष झालं. उरलेल्या अकरा कॅसेट कपाटात आहेत. मामानं एकही लावलेली नाही.

आणि तो घरात बोलत नाही. एक शब्दही नाही. माझा फोन आला की कट करतो, चप्पल घालतो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जातो आणि तिथून लावतो. मी एकदा विचारलं, निदान फोनवर तरी घरातून बोलायला काय हरकत आहे?

"नको," तो म्हणाला. "ऐकलं तर उठेल."

माझ्या फोनमध्ये मामीचा एक निरोप आहे. सतरा सेकंदांचा. मी तो उघडत नाही. पण पुसवतही नाही.

हे सगळं मी लिहून सांगतोय, ते उगाच नाही. घरात तिच्याविषयी मोठ्यानं बोलायची मला भीती वाटते.