दरीच्या वळणावरची हाक

उद्या तुम्ही माथेरानच्या वरच्या बागेत जाणार ना? जा, बघण्यासारखीच आहे. कड्याच्या टोकाला बाकं आहेत. तिथं बसलं की सगळा खालचा मुलूख दिसतो. दिवेलागणीला नेरळ स्टेशनचे दिवे, आणि त्यांच्या पलीकडं कळंब.

"झालं! आजोबांचं भूत निघालं," म्हणतोस, कमळ्या? हस बाबा. भूत मी पाहिलेलं नाही. दामूनंही पाहिलं नाही.

दामू माझा जोडीदार. आम्ही वर हातरिक्षा ओढायचो. पुढं एक गडी ओढायला. मागं एक, आडव्या दांडीला हात लावून. चढणीला ढकलायचं, उताराला खेचून धरायचं. मधे रिक्षाचं टप, त्यामुळं एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून दर वळणावर मागच्यानं विचारायचं, "हाय का रं?" पुढच्यानं म्हणायचं, "हाय." उत्तर आलं नाही तर पुढचा घसरला असं समजायचं. मग मागच्यानं एक हात सोडून बाजूला वाकून बघायचं. ही रीत.

माझ्याआधी दामूच्या मागं कोंडीराम असायचा, कळंबचा. बागेतून उतरताना प्रवाशांना बोटानं दाखवायचा, "तो शेवटचा बारीक दिवा हाय ना, तो आमच्या दारातला." खरं की खोटं, कोण तपासणार?

एकोणसत्तरच्या भादव्यात बागेतल्या माळ्याला कलमं पोचवून दोघं रिकामी रिक्षा घेऊन उतरत होते. अंधार, धुकं, पायाखाली लाल चिखल. दामू नवा होता. आईनं लहानपणी घातलेला धाक डोक्यात होता, की रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दरीच्या वळणावर हाक आली. धुक्यात ती दरीतूनच आल्यासारखी वाटली. दामूनं तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या हाकेला देऊ, असं मनात म्हणाला.

दुसरी हाक आली नाही.

कोंडीराम सकाळी खाली सापडला. पाय घसरला, असं लोक म्हणाले. खरं काय ते दामूनं फक्त मला सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. "एक शब्द होता रं," म्हणाला. "एकच शब्द."

पुढच्या वर्षाची गोष्ट. मार्गशीर्षातली अमावस्या. एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाई बागेत गेल्या होत्या, गुडघ्यांनी अधू. त्यांना परत आणायचं होतं. मी तापानं फणफणलेलो, तरी म्हणालो, "चल, येतो मी."

"निज गप," दामू म्हणाला. "बाई म्हंजे नुसती काडी. एकटाच आणतो."

उतार एकट्यानं उतरायचा नसतो. त्याला ठाऊक होतं.

बाई दिवे बघत बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या. निघेपर्यंत आठ वाजले. दामूनं कंदील दांडीला टांगला. बाई आपल्या बोलत होत्या, नातवंडांचं काहीबाही.

दरीच्या वळणाशी भार अंगावर आला. वाळल्या पाल्यावर टाचा सरकल्या. कंदील आपटून विझला. रिक्षा दामूला ढकलत कडेकडं निघाली. त्यानं पाय रोवायला पुढं टाकला...

खाली जमीन नव्हती.

आणि रिक्षा थांबली.

कुणीतरी मागून खेचून धरली होती.

"हाय का रं?"

...

दामूनं दांडी घट्ट धरली. ओ दिली, तर जे मागं आहे ते कायमचं मागं लागणार. नाही दिली, तर तो एक हात सोडणार. बघायला वाकणार. रिक्षात बाई होत्या.



...

"हाय," दामू म्हणाला. "हाय रं, कोंडीराम. हाय मी."

रिक्षा हळूच मागं सरली. रस्त्याला लागली. पुढच्या वळणावर हाक. ओ. त्याच्या पुढच्या वळणावर हाक. ओ. बंगल्यापर्यंत.

फाटकातल्या दिव्याखाली बाई उतरल्या. म्हणाल्या, "मागच्या दादांनाही पाणी द्यायला हवं हो. किती मायेनं दाखवत होते, तो शेवटचा दिवा त्यांच्या दारातला म्हणून."

दामूनं वळून बघितलं नाही. रिक्षा तिथंच टाकून आला आणि रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिला. उजाडल्यावर म्हणाला, "तू बघून ये. माझ्यानं नाय होत."

मी गेलो. अंगात ताप होता, तेव्हा तापात दिसलं म्हणा हवं तर. महिनाभर वर पावसाचा थेंब नव्हता. रस्त्यावर घोट्याएवढी धूळ. मागच्या दांडीवर मात्र चिखल होता. लाल. ओला. त्यात बोटं उमटलेली.

दोन्ही हातांची.